चौकोनी कंसातलं शून्य: एन-एट-एन सात महिने वापरल्यावर

जानेवारीत नाशिकहून एका ताईंचा फोन आला. "आमसुलं मिळाली, छान आहेत. पण आगळ आणि फणसपोळीचे पैसेही भरलेत मी, ते कुठंय?" मी ऑर्डर उघडली. वेबसाइटवर तीन वस्तू होत्या. आत्याकडे टेलिग्रामवर गेलेल्या चिठ्ठीत एकच, आणि गूगल शीटमध्येही एकच. एन-एट-एन (n8n) म्हणजे एका ठिकाणची माहिती दुसरीकडे आपोआप पोचवणारं सॉफ्टवेअर, ऑर्डरी तेच पुढे पाठवतं. त्यात मात्र ती ऑर्डर हिरवी, म्हणजे यशस्वी. एकही नोड, म्हणजे कामाचा एकेक टप्पा, लाल झाला नव्हता.

घरचा कोकणी मालाचा छोटा व्यवसाय आहे. माल आत्या बांधते, हिशेब आणि वेबसाइट माझ्याकडे. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, मी एन-एट-एन भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर बसवलं. वेबसाइटवर ऑर्डर पडली की वेबहूकवर (वेबसाइट जिथे निरोप टाकते तो पत्ता) जेसन (ठरावीक साच्यात लिहिलेली ऑर्डरची माहिती) येतं, त्यातून नाव, पत्ता, वस्तू आणि रक्कम काढायची, एक ओळ शीटमध्ये टाकायची आणि एक चिठ्ठी आत्याला पाठवायची, एवढंच काम. निवडलं ते पैशांचा विचार करून. झेपियर या अशाच दुसऱ्या सेवेत प्रत्येक यशस्वी अ‍ॅक्शन हा एक टास्क धरतात, म्हणजे चार वस्तूंच्या चार ओळी लिहिल्या की चार टास्क. एन-एट-एनच्या क्लाउडवरही अख्खा वर्कफ्लो (नोडांची साखळी) एकदा चालला की ते एकच एक्झिक्यूशन, आणि स्वतःच्या सर्व्हरवर तर मोजणीचा प्रश्नच नाही. सणासुदीच्या गर्दीत हा फरक आमच्यासारख्यांना जाणवतो.

आता मूळ गोष्ट. डाव्या बाजूला आलेलं जेसन दिसतं, त्यातलं हवं ते नाव माउसने ओढून उजवीकडच्या रकान्यात सोडायचं, की दुहेरी महिरपी कंसात वाट आपोआप लिहून मिळते. प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसाला ही सोय म्हणजे वरदान आहे, आजही म्हणेन. पण वस्तूंची यादी चौकोनी कंसात असते. त्यातल्या पहिल्या वस्तूचं नाव ओढलं की तयार होणारी वाट अशी: डॉलर-जेसन, बॉडी, आयटम्स, मग चौकोनी कंसात 0, मग नेम. जावास्क्रिप्टमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून 0 म्हणजे पहिली वस्तू. त्या शून्याकडे माझं लक्षच गेलं नाही. दिवाळीभर आम्ही फक्त फराळाच्या जोडीची एकच पेटी विकत होतो. प्रत्येक ऑर्डरमध्ये एकच वस्तू, म्हणून सगळं बिनचूक चाललं. दिवाळीनंतर सुटा माल विकायला ठेवला आणि दुसऱ्या वस्तूपासून पुढचं सगळं गळू लागलं.

त्या रात्री मी वेबसाइटवरची यादी आणि शीट समोरासमोर ठेवून बसले. एन-एट-एनमधल्या जुन्या नोंदी अर्ध्याच सापडल्या, कारण मुळातली सेटिंग तशीच ठेवली तर त्या 336 तासांनी, म्हणजे 14 दिवसांनी, पुसल्या जाऊ लागतात. नवीन बसवणाऱ्यांनी ही मुदत पहिल्याच दिवशी वाढवावी. सोबत घड्याळाची वेळही (टाइमझोन) बदलावी. स्वतः बसवलेल्या आवृत्तीत ती मुळात न्यूयॉर्कची असते, आशिया-कोलकाता आपण लिहावं लागतं. शेवटी 22 ग्राहकांचा माल राहिल्याचं निघालं. प्रत्येकाला फोन करून माफी मागितली आणि पार्सलं पुन्हा पाठवली. कुरिअरचेच 1,700 च्या वर गेले. एका आजोबांनी "राहू द्या हो" म्हटलं, ते पैशांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एका मैत्रिणीला ठामपणे सांगितलं होतं की हे घेऊ नकोस. आठवड्याभरात ते मागे घ्यावं लागलं. एन-एट-एनने मी ओढलं तेच अचूक दिलं होतं. मी "पहिली वस्तू" ओढली होती आणि मनात "वस्तू" धरली होती.

दुरुस्तीला आधी स्प्लिट आउट नोड लावला. त्याला आयटम्स दाखवलं की यादीतल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा आयटम होतो आणि पुढचा नोड प्रत्येकासाठी आपोआप एकेकदा चालतो, त्यासाठी लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायची सूचना) लावावा लागत नाही. इथे दोनदा अडखळले. पहिल्यांदा शीटमध्ये वस्तू आल्या, पण ग्राहकाचं नाव आणि ऑर्डर नंबर गायब, कारण या नोडमध्ये मुळात "नो अदर फील्ड्स" निवडलेलं असतं. ते "ऑल अदर फील्ड्स" केलं. मग टेलिग्राम. चार वस्तूंच्या ऑर्डरला आत्याला चार चिठ्ठ्या गेल्या आणि तिने चार खोकी काढून ठेवली. "गो, एकाच माणसाक चार पार्सलां कित्याक?" असा तिचा फोन.

म्हणून आता वेबहूकनंतर दोन फाटे आहेत. शीटच्या फाट्यावर स्प्लिट आउट, कारण तिथे वस्तूमागे ओळ हवी. चिठ्ठीच्या फाट्यावर यादी फोडतच नाही. तिथे रकान्यातच मॅप आणि जॉईन लिहिलं आहे: प्रत्येक वस्तूचं नाव आणि नग घ्यायचे, मध्ये नवी ओळ टाकून जोडायचे. एका ओळीचं काम आहे. माउसने ओढून ते मिळत नाही, हाताने लिहावं लागतं. माझ्या मते सुरुवातीच्या धड्यातच हे शिकवलं पाहिजे, कारण दुकानाच्या जेसनमध्ये यादी नाही असं सहसा होतच नाही.

हिरव्या खुणेवर माझा आता विश्वास नाही. ती फक्त नोड अडला नाही एवढं सांगते, माल पूर्ण आला का हे सांगत नाही. म्हणून एक इफ नोड (अट तपासणारा) घातला: प्रत्येक वस्तूची किंमत गुणिले नग, अधिक कुरिअर, वजा सवलत, हे एकूण रकमेशी जुळलंच पाहिजे. नाही जुळलं तर स्टॉप अँड एरर, म्हणजे काम थांबवून चूक दाखवणारा नोड, आणि त्याला जोडलेला एरर वर्कफ्लो मला निरोप धाडतो. वेबसाइटवरून रक्कम पैशांत येते, 500 रुपये म्हणजे 50000, तेव्हा 100 ने भागायला विसरू नका.

चाचणीसाठी पिन केलेला, म्हणजे नोडवर टाचून ठेवलेला, डेटा फार उपयोगी. खऱ्या ऑर्डरचं जेसन पिन करून ठेवलं की पुन्हा पुन्हा खोटी ऑर्डर टाकावी लागत नाही, आणि वर्कफ्लो चालू केल्यावर तो पिन प्रत्यक्ष ऑर्डरींच्या आड येत नाही. फक्त एक वस्तूवाली ऑर्डर पिन करू नका. मी तेच केलं होतं. आता माझ्याकडे तीन नमुने जपून ठेवलेले आहेत: एक वस्तू, पाच वस्तू, आणि सवलतीचा कूपन लावलेली.

फेब्रुवारीपासून मे उजाडेपर्यंत एकही वस्तू राहिलेली नाही. इफ नोडने दोनदा अडवलं, दोन्ही वेळा कूपनचं कारण निघालं. मैत्रिणीनेही मार्चमध्ये हेच बसवलं.

चिठ्ठीत शेवटचा बदल आत्याच्या सांगण्यावरून झाला. ती बांधताना ओळी बोटाने मोजते, म्हणून आता सगळ्यात वर यादीची लांबी मोजून "एकूण वस्तू: 4" असं येतं, आणि खोकं चिकटवण्याआधी ती तो आकडा मोठ्याने म्हणते.