कुशादासीतील ‘सर्व प्रवेशशुल्कांसह’ सहल: एक फसवणूक

तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरील कुशादासी येथे मुक्काम करून एफेससचे प्राचीन अवशेष आणि जवळची तीर्थस्थळे पाहू इच्छिणाऱ्यांनी हा अनुभव अवश्य वाचावा, कारण आमच्याकडून ज्या रीतीने पैसे उकळले गेले, ती रीत त्या भागात नव्याने गेलेल्या माणसाच्या सहजासहजी लक्षात येणार नाही.

बंदराजवळच्या एका लहानशा सहल-कार्यालयात आम्ही दिवसभराच्या सहलीचे आरक्षण केले. एफेससच्या तिकिटाखेरीज कुमारी मेरीचे घर, आर्टेमिसचे मंदिर आणि ईसा बे मशीद या तीन स्थळांचे प्रवेशशुल्क म्हणून माणशी 20 युरो वेगळे घेतले गेले आणि पावतीवर तिन्ही नावे एकाखाली एक, सुवाच्य अक्षरांत लिहून देण्यात आली. वस्तुस्थिती अशी की, प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणल्या गेलेल्या आर्टेमिसच्या मंदिराचा आज तुकडे जोडून उभा केलेला एकच स्तंभ आणि पायाचे विखुरलेले दगड उरले आहेत व ते पाहायला तिकीट लागत नाही. ईसा बे मशीद 1375 सालची असली तरी आजही नमाजाची आहे. तिथेही तिकीट नाही. तिकीट लागते ते मेरीच्या घराला, आणि नेमके तेच आम्हाला दाखवले गेले नाही.

सकाळचा बराच वेळ चामड्याच्या कपड्यांच्या आणि गालिच्यांच्या दुकानांत गेला. गालिच्यांच्या दुकानात चहा पाजून आम्हाला बसवून ठेवले, आणि उठू लागताच आणखी एक गालिचा पायाशी उलगडला जाई. त्यामुळे एफेससमध्ये सेल्ससच्या ग्रंथालयासमोर छायाचित्रापुरते थांबून पुढे धावावे लागले. भित्तिचित्रे आणि मोझेइक असलेली उतारावरची घरे, ज्यांना वेगळे तिकीट आहे, त्यांचे नावही मार्गदर्शकाने काढले नाही. जेवणानंतर त्याला एक फोन आला आणि प्रार्थनेमुळे मेरीचे घर आज बंद असल्याचे त्याने अतिशय खेदाने जाहीर केले. आमच्यातल्या एका काकूंना तिथे नवसाची मेणबत्ती लावायची होती, त्या रडवेल्या झाल्या. त्यांची समजूत घालायला तो आम्हाला पुन्हा एका दुकानात घेऊन गेला, याचा राग मला अजून आहे.

त्याच संध्याकाळी हॉटेलातील एका दांपत्याने आम्हाला त्या घराची, बाहेरच्या झऱ्यांची आणि इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या-चिंध्यांनी भरलेल्या भिंतीची छायाचित्रे दाखवली. ती त्याच दुपारी काढलेली होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात विचारणा केली, तेव्हा पावतीच्या तळाशी तुर्की भाषेत छापलेली बारीक ओळ पुढे करण्यात आली: कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कार्यालयाकडे राहील. पैसे परत मिळाले नाहीत.

ही थाप तिथे खपते, त्याला कारण आहे. एफेसस आणि सेल्चुक गावाकडे कुशादासीहून डोल्मुश, म्हणजे वाटेत प्रवासी घेत जाणाऱ्या छोट्या बसगाड्या, सतत धावतात, पण मेरीचे घर बुलबुल डोंगरावर आहे आणि तिथे डोल्मुश जात नाही. त्यामुळे गाडीवाला जे सांगेल ते खरे मानण्यापलीकडे प्रवाशाच्या हातात काही उरत नाही. 1891 मध्ये इझमीरच्या धर्मगुरूंनी शोधलेल्या या वास्तूला 1967, 1979 आणि 2006 मध्ये पोपनी भेट दिली आहे, मुसलमानही तिथे श्रद्धेने येतात, आणि त्या श्रद्धेवरच हा व्यवहार चालतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रत्येक स्थळाला खरोखर तिकीट आहे का, हे हॉटेलात विचारून घ्यावे आणि वाटेत दुकाने नाहीत, हे पावतीवरच लिहून घ्यावे. तुर्कस्तानात मार्गदर्शकाला परवाना बंधनकारक असून त्याचे ओळखपत्र गळ्यात दिसायला हवे. आमच्या माणसाच्या गळ्यात ते नव्हते. एफेससच्या दारावर ‘शेतात सापडलेली’ जुनी नाणी कोणी हळूच दाखवली तर घेऊ नयेत, कारण ती बहुधा नकली असतात, आणि चुकून अस्सल निघाली तर 1983 च्या 2863 क्रमांकाच्या कायद्यानुसार ती देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. काकूंना आम्ही नंतर सेल्चुकहून टॅक्सीने डोंगरावर नेले. जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे भाडे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घेतले होते, आणि चालकाने तेवढेच घेतले.