बारा माणसं विकत घेतली, त्याची गोष्ट

आमच्या चुलत्यांचं संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे. सकाळी सहाला काट्यापुढं रांग लागते. वजन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), मग दरपत्रकावर बोट फिरवून दर. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याखाली गेलं की पॉइंटामागे कपात. माणसांचा सगळा राग त्या कपातीवर. काका बिचारे रोज तेच समजावत बसायचे.

म्हणून मी अ‍ॅप करायला घेतलं. आपलं फॅट-एसएनएफ टाकायचं, दर बघायचा, दहा दिवसांनी बिल आलं की ताळा करायचा. मी कॉमर्सचा, दिवसा एका दुकानात हिशेब लिहितो, कोडिंगशी संबंध नाही. पण एआयला मराठीतून सांगत गेलो आणि ते फ्लटर नावाच्या साधनात कोड लिहीत गेलं. एरर आला की तो कॉपी करायचा, परत त्यालाच द्यायचा. एकदा त्यानं कपात उलटी लावली, फॅट कमी झालं की दर वाढायला लागला! काका म्हणाले, "हेच ठेव, गाव खूश होईल." सहा आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या आणि अ‍ॅप चालू झालं. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी प्ले स्टोअरवर आणायचं, असं मी केंद्रावर सगळ्यांना सांगून बसलो. घाई तिथं सुरू झाली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात २५ डॉलर भरून गूगल प्लेचं डेव्हलपर खातं काढलं. ओळखपत्र दिलं, पत्ता दिला. आणि मग कळलं की अ‍ॅप असं थेट टाकता येत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल, तर आधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठरावीक माणसांकडून चाचणी, करावी लागते. निदान १२ जणांनी टेस्टर म्हणून सामील व्हायचं आणि सलग १४ दिवस राहायचं. (आधी २० लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले.) ते झालं की गूगल प्रश्न विचारतं, माणसं कुठून आणली, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. मग परवानगी.

कोड लिहायला मला एक माणूस लागला नव्हता, आणि आता एकदम बारा.

टेलिग्रामवर शोधलं तर अशा टेस्टरांचा बाजारच भरलेला. एकानं मराठीतून उत्तर दिलं. "दादा, काळजी नको, आपलीच माणसं आहेत. १,८०० रुपये, १४ दिवस गॅरंटी." सोबत इतरांच्या मंजूर झालेल्या अ‍ॅपचे स्क्रीनशॉट. मराठी बोलला म्हणून मी विरघळलो, हे कबूल करतो. ८ सप्टेंबरला यूपीआयनं पैसे पाठवले. रात्रीत बारा जण सामील. मी चकित.

दुसऱ्याच दिवशी कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलच्या डेव्हलपर खात्याच्या पानावर, आकडा नऊवर आला. त्याचं म्हणणं, तीन पोरांचे फोन बिघडले, बदली माणसांचे ९०० द्या. दिले. आणि त्याच संभाषणात, अगदी जाता जाता, तो म्हणाला, "दादा, रोज तुम्हाला विचारण्यापेक्षा मला कन्सोलमध्ये अ‍ॅडमिन करून ठेवा, यादी मीच सांभाळतो."

मी केलं. दोन मिनिटांचं काम होतं. बटण हिरवं ठेवू की निळं, हेसुद्धा मी एआयला विचारायचो. हे नाही विचारलं.

इथं थांबून नीट सांगतो, कारण बाकी सगळं यातून निघालं. टेस्टर सामील करायला कुणालाही तुमच्या खात्यात शिरावं लागत नाही. तुम्ही स्वतः ईमेलची यादी टाकता, किंवा गूगल ग्रुपचा पत्ता देता, आणि सामील व्हायची लिंक पाठवता. संपलं. अ‍ॅडमिन केलेला माणूस तुमच्या खात्यावर नवीन अ‍ॅप चढवू शकतो, आणि ते चढतं तुमच्या नावावर, तुमच्या ओळखपत्रावर. कन्सोलमध्ये 'यूजर्स अँड परमिशन्स' म्हणून पान आहे. माझ्या त्या पानावर दोन नावं होती आणि महिनाभर मी ते उघडलंच नाही.

चौदा दिवस भरले, अर्ज केला. गूगलनं नाकारला, अजून टेस्टिंग हवं म्हणून. आता उघड दिसतं, त्या बारा जणांनी अ‍ॅप टाकून तसंच ठेवलं होतं. कुणी एक फॅटचा आकडा भरला नव्हता, मग प्रश्नांना मी उत्तर तरी काय देणार? पण दसरा सहा दिवसांवर. त्यानं सांगितलं, "आतला माणूस आहे आपला, ६,५०० मध्ये मंजूर करून देतो." दूध घालणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळलं असतं की गूगलमध्ये 'आतला माणूस' हे सरळ थाप आहे. मला कळलं नाही असं नाही. मला ते खरं असायला हवं होतं. पाठवले.

दसरा गेला. केंद्रावर विचारायचे, "काय रे, कुठाय तुझं अ‍ॅप?" मी म्हणायचो, गूगलकडे आहे.

७ ऑक्टोबरला मेल आला, खातं बंद. कारण म्हणून एका अ‍ॅपचं नाव दिलं होतं. ते माझं नव्हतं. खात्यात शिरून बघितलं तर कर्ज देणारं कसलंसं अ‍ॅप, फोनमधले संपर्क आणि फोटो मागणारं. कर्जाच्या अ‍ॅपना हे दोन्ही मागायला गूगलनं २०२३ पासूनच बंदी घातली आहे. टेलिग्रामवरचा दादा गायब.

अपील केलं, सगळं खरं लिहिलं. फेटाळलं. अ‍ॅडमिन मीच केला होता, त्यांनी तरी काय करावं? बंद झालेल्या माणसानं दुसरं खातं काढलं की तेही बंद करतात आणि फी परत देत नाहीत. भावाच्या नावानं काढू, असा विचार आला होता. मग त्याचंही नाव खराब होईल म्हणून सोडला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर ते पुढं सरकायच्या आत अडवता येण्याची आशा असते. मी शेवटच्या हप्त्यानंतर अकरा दिवसांनी केला. ९,२०० गेले ते गेले. तालुका पोलीस ठाण्यात लेखी अर्ज मात्र देऊन आलो, शिक्क्याची प्रत ठेवली आहे. त्या कर्जाच्या अ‍ॅपनं कुणाला छळलं असेल तर कागदावर नाव माझं आहे, आणि अजूनही अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा येतो.

काकांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, रोज सकाळी चाळीस जण उभे असतात की इथं, फोन घेऊन."

अ‍ॅप आता वेबपेज म्हणून चालतं, लिंक उघडायची. नऊ जण रोज वापरतात. त्यातल्या एकानं म्हशीच्या दुधाचा दर चुकतोय हे पहिल्याच दिवशी दाखवलं, जे त्या बारा जणांना चौदा दिवसांत दिसलं नाही.

परवा टेलिग्रामवर तीच जाहिरात पुन्हा दिसली, नाव वेगळं, '१२ टेस्टर, १४ दिवस, गॅरंटी'. खाली मंजूर झालेल्या अ‍ॅपचे म्हणून पाच स्क्रीनशॉट होते. तिसरा माझ्या अ‍ॅपचा.