उसने ऑब्जेक्ट काढून टाकले: व्हॅनिला पीडीवर आठ महिने

मंडप आणि साऊंडचा धंदा चुलत भावाचा, म्हणजे दादाचा. अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्यातले सप्ते आमच्याकडे असतात. मिक्सरला लॅपटॉप जोडून त्यावर प्युअर डेटा, म्हणजे पीडी, चालवायचं वेड मात्र माझं. मिलर पकेट यांनी नव्वदच्या दशकात बनवलेलं हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कोड लिहायचा नाही, चौकोन (ऑब्जेक्ट) मांडायचे नि तारा जोडायच्या; असा जोडलेला संच म्हणजे पॅच.

माझा जुना पॅच पीडी-एक्स्टेंडेड या वाढीव आवृत्तीच्या काळातला. त्यात ढीगभर एक्स्टर्नल आयते यायचे, म्हणजे बाहेरच्या लोकांनी लिहिलेले ऑब्जेक्ट. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ची, पुढं ते बंदच पडलं. माझं चाललं होतं म्हणून मी लक्ष दिलं नाही.

यंदा तुकाराम बीजेच्या सप्त्यात जनरेटर बदलताना जुना लॅपटॉप जळाला. दुसऱ्या दिवशी नवीन आणला, त्यावर ६४ बिटचं पीडी टाकलं आणि पॅच उघडला. पेनड्राइव्हवरच्या एक्स्टर्नलच्या डीएलएल फायली ३२ बिटच्या, त्या काही लोड होईनात. आवाज ठराविक मर्यादेपुढं जाऊ न देणाऱ्या लिमिटरच्या जागी तुटक रेषेचा चौकोन, लॉगमध्ये लाल अक्षरात ‘कुडन्ट क्रिएट’. महाराज उभे, टाळकरी उभे, स्पीकर मुका. दादा मागून ओरडतोय, "आवाज कामून गेला रं?" एक्स्टर्नल उतरवून घ्यायला पीडीतच डेकेन आहे, पण त्या शिवारात मोबाईलला रेंज नव्हती. शेवटी त्या चौकोनाला वळसा घालून तार सरळ जोडली आणि अख्खं कीर्तन हात फेडरवर ठेवून काढलं. घरी आल्यावर ठरवलं, पॅचमध्ये आता फक्त पीडीसोबत येतं तेच ठेवायचं, म्हणजे व्हॅनिला पीडी.

सोपं आधी झालं. मागच्या स्पीकरांचा डिले, म्हणजे पुढून येणाऱ्या आवाजाशी जुळायला दिलेला उशीर, तर पहिल्यापासून डिलेराइट~ आणि डिलेरीड~वरच होता. मंडपात २४ मीटर मागं दुसरी जोडी असते. चाळीस अंशाच्या दुपारी आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो, म्हणजे ६८ मिलिसेकंद. रात्री वीस अंशांवर तेच ७० होतात. एवढा फरक कुणाच्याच कानाला कळत नाही, तरी मी बदलतो. खोड आहे.

लिमिटरनं मात्र दोन महिने खाल्ले. पहिला प्रयत्न आवाजाची पातळी मोजणाऱ्या एन्व्ह~चा. त्याची खिडकी १०२४ सॅम्पलची ठेवली, तर ४४,१०० च्या रेटला तो दर ११.६ मिलिसेकंदांनी आकडा देतो. पखवाजाची थाप तोवर स्पीकरमधून बाहेर पडलेली असते, आणि आवाज दबतो तो थापेच्या मागून. ऐकताना कुणीतरी दम कोंडल्यासारखं वाटायचं. मग आकड्यांचा नाद सोडून सगळं सिग्नलमध्येच केलं: अ‍ॅब्स~ने लाट एका बाजूला वळवली, पुढं स्लॉप~ लावला. हा चढताना चटकन आणि उतरताना सावकाश, असा दोन चालींचा फिल्टर आहे. मूळ आवाज तीन मिलिसेकंद उशिरा सोडला, म्हणजे थाप यायच्या आत लिमिटर तयार. जुन्या एक्स्टर्नलमध्ये हे आत कुठंतरी होत असावं, मला कधी दिसलं नव्हतं. आता थाप गोल लागते आणि वीणेकऱ्याचा आवाज तिच्याखाली दबत नाही.

माईक-स्पीकरची शिट्टी दाबायला बायक्वाड~ हा फिल्टर घेतला आणि तिथं एक संध्याकाळ गेली. पुस्तकातल्या सूत्रानं आकडे काढून भरले, तर शिट्टीसोबत महाराजही गायब. पीडीत फीडबॅकचे दोन आकडे आधी येतात, आणि त्यांची चिन्हं पुस्तकाच्या उलट द्यावी लागतात. ती तशीच ठेवली तर फिल्टर अस्थिर ठरतो आणि पीडी गुपचूप सगळे आकडे शून्य करून टाकतं. लॉगमध्ये अक्षर नाही. निदान तिथं तरी लाल अक्षर हवं होतं.

जनरेटरच्या ५० हर्ट्झच्या गुरगुरीला एक हिप~ (खालचे सूर कापणारा फिल्टर) पुरत नाही, त्याचा उतार ऑक्टेव्हला जेमतेम ६ डेसिबल. तीन एकामागे एक लावले.

रिव्हर्बच्या, म्हणजे घुमाऱ्याच्या, बाबतीत माझा तोटा झाला. फ्रीव्हर्ब~ हा एक्स्टर्नल काढून पीडीतला रेव्ह३~ घेतला. एकट्या गळ्याला तो भरदार लागतो, पण टाळ सुरू झाले की वरचे सूर चरचरतात. हाय फ्रिक्वेन्सीचं डॅम्पिंग वाढवलं की टाळ शांत होतात, पण मग अभंग गोधडीतून आल्यासारखा. लाइव्हनेस (घुमारा किती टिकतो तो आकडा) ८०च्या खाली आणून, लेव्हल कमी करून मधला मार्ग काढलाय. श्रोत्यांपैकी कुणी कुरकुर केली नाही. दादा एकदा एवढंच म्हणाला, "आधीचं देवळात गायल्यासारखं वाटायचं."

गेल्या महिन्यात परळीजवळ एका गावात नवा लॅपटॉपही तापून बंद पडला. यजमानांच्या पोराचा कॉलेजचा लॅपटॉप मागितला. माझ्या पेनड्राइव्हवर पीडी आणि पॅच, दोन्ही होतं. हरिपाठ संपायच्या आत आवाज सुरू.

फ्रीव्हर्बची फाईल पेनड्राइव्हवरून पुसलेली नाही. भजनाचं रेकॉर्डिंग घरी बसून नीट करायचं असलं की अजून तीच लावतो, दादाला न सांगता.