मातीतले जीव: विकत आणायचे की घरचेच जगवायचे?

ऊस तुटून गेला की दोन प्रश्न बरोबरच येतात. पाचटाचं, म्हणजे मागे उरलेल्या उसाच्या वाळल्या पानांचं, काय करायचं, आणि यंदा रानात काय घालायचं? शेणखताची ट्रॉली, गांडूळखताची पोती, जिवाणू खतांच्या बाटल्या, जीवामृत. ज्याला विचारावं तो सांगतो, याने जमीन जिवंत होते. मध्यम ते भारी काळी जमीन, ऊस आणि मध्ये सोयाबीन-हरभरा, खर्चाला मोजके पैसे, अशा शेतकऱ्याने पहिला रुपया कशावर घालावा, एवढ्यापुरतंच मी बोलतोय.

निवड करण्याआधी एक काम करा. पावसाळ्यात वाफसा आला, म्हणजे पाणी मुरून माती ओलसर पण मोकळी झाली, की फूटभर लांब, रुंद आणि खोल असा एक खड्डा बांधावर घ्या, दुसरा दहा पावलं आत रानात. दोन्हीकडची माती पोत्यावर पसरून हाताने फोडून बघा. बांधावरची माती रवाळ निघते. त्यात गवताच्या मुळांचं जाळं असतं, गांडुळं असतात, वाणी आणि बारीकसारीक किडे असतात. रानातल्या खड्ड्यात बहुतेक वेळा ढेकळं आणि एखाददुसरं गांडूळ. माती तीच, पाऊस तोच. बांधावर कोणी काही विकत आणून टाकलेलं नाही. तिथे नांगर लागत नाही, वर गवताचं झाकण असतं आणि बारा महिने कुठलं ना कुठलं मूळ जिवंत असतं, एवढाच फरक. माझं मत या दोन खड्ड्यांवरूनच बनलं आहे.

एक ग्रॅम चांगल्या मातीत नुसते जिवाणूच कोट्यवधी, कधी अब्जाच्या घरात असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सुमारे ५९ टक्के प्रजातींचं घर माती आहे. यातले कोण कुठे टिकतील हे ठरवणाऱ्या काही गोष्टी आपल्या हातात नसतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या मातीचे नमुने तपासून २००६ साली असं दिसलं, की जिवाणूंची विविधता तापमान किंवा पावसापेक्षा सामूवर (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे त्याचं माप) जास्त अवलंबून असते. आम्ल मातीत ती कमी, उदासीनच्या आसपास सर्वात जास्त. म्हणून कोकणातल्या जांभ्या जमिनीत चुना टाकल्याने जे साधतं, ते आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला लागू नाही. इथे सामू आधीच आठच्या आसपास असतो आणि चुनखडी असेपर्यंत तो सहजी खाली येत नाही. आपल्या हातात राहतं ते खाद्य, झाकण, निचरा आणि मशागत. पर्याय याच मापाने तोलायचे.

शेणखत आणि गांडूळखत

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे एकरी पाच टन घातलं तर २५ किलो नत्र, शिवाय मातीतल्या जीवांना भरपूर खाद्य. घरी जनावरं असतील तर याला तोड नाही. अडचण विकतच्या ट्रॉलीची आहे. त्यात अनेकदा अर्धकच्चं शेण येतं, आणि कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या रानात येतात. हात घालून बघा. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते खत अजून झालेलं नाही.

गांडूळखत रोपवाटिकेला, भाजीच्या वाफ्याला उत्तम. पण त्यातून रानात गांडुळं वाढतील ही आशा धरू नका. खत करायला वापरतात ती गांडुळं शेणा-पाल्याच्या थरात राहणारी, मातीत खोल बीळ करणारी नव्हेत. उघड्या रानात ती टिकत नाहीत. बीळ करणारी देशी गांडुळं तुमच्या बांधाखाली आहेतच.

जीवामृत आणि जिवाणू खतं

एकरी जीवामृताचं प्रचलित प्रमाण असं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती. यातलं सगळं नत्र जमेला धरलं तरी ते पाव किलोच्या आसपास भरतं. म्हणजे हे खत म्हणून मोजायचं नाही. पाचट अंथरलेलं असेल तर ते कुजवायला मदत म्हणून जरूर द्या. मे महिन्यात उघड्या, तापलेल्या रानात दिलं तर त्यातले जीव खायचे काय आणि लपायचे कुठे?

जिवाणू खतांत एक अपवाद मी ठामपणे करतो, तो रायझोबियमचा, म्हणजे शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूचा. सोयाबीन आपल्याकडे मूळचं पीक नाही, त्यामुळे त्याला चालणारा रायझोबियम प्रत्येक जमिनीत असेलच असं नाही. हरभऱ्याचा पुन्हा वेगळा. ज्या रानात हे पीक पहिल्यांदाच येतंय तिथे बीजप्रक्रिया चुकवू नका. सोयाबीन फुलोऱ्यात आलं की झाड हलकेच उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करतेय. पांढरट किंवा हिरवट दिसली तर नाही.

पाचट आणि कमी मशागत

एका एकरात साधारण तीन ते चार टन पाचट निघतं. ते पेटवलं की नत्र आणि गंधक धुरात जातं, पालाशाची राख उरते आणि वरच्या थरातला जीव भाजतो. एवढं खाद्य विकत आणायचं म्हटलं तर किती ट्रॉल्या लागतील, याचा हिशोब करून बघा.

पाचट ठेवणं कष्टाचं आहे हे खरं. त्यात कर्ब फार आणि नत्र थोडं, त्यामुळे कुजवणारे जीव सुरुवातीला मातीतलंच नत्र उचलतात आणि खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक, पिवळा पडतो. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, अशी शिफारस आहे. बुडखे मोकळे ठेवून जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं. पहिली दोन पाणी सरी तुंबते, तिथे माणूस लागतो.

नांगरटीचंही तसंच. मुळांशी जोडलेल्या बुरशीचे धागे पिकाला लांबचा स्फुरद आणून देतात, आणि दर नांगरटीत ते तुटतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी मांडलेल्या एसआरटी (सगुणा रीजनरेटिव्ह टेक्निक) पद्धतीत गादीवाफे एकदाच करून पुढे नांगरायचं नाही, आधीच्या पिकाची मुळं जागीच कुजू द्यायची. यात तणाचा प्रश्न मोठा आहे. बहुतेक जण तणनाशकाचा आधार घेतात, आणि ते मला बोचतं. तरी दरवर्षी खोल नांगरून मग जिवाणूंची बाटली आणणं मला त्याहून वाईट वाटतं.

तेव्हा पैसे मोजके असतील तर माझा क्रम असा: आधी पाचट आणि कमी नांगरट, मग सोयाबीन-हरभऱ्याला रायझोबियम, मग जमेल तेवढं पण कुजलेलंच शेणखत. जीवामृत घरच्या गाईचं असेल तर द्या. गांडूळखताची पोती भाजीपाल्यासाठी राखून ठेवा.

सगळ्या रानात पाचट ठेवायची धास्ती वाटत असेल तर यंदा दहाच सऱ्यांत ठेवा. पुढच्या पावसाळ्यात वाफशावर तिसरा खड्डा त्या सऱ्यांत घ्या आणि त्याची माती बांधाच्या मातीशेजारी पसरून बघा.