सात महिने, १,४९९ रुपये आणि चार अक्षरी ग्रीक शहर

इंग्रजी शब्दकोड्यांच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरून सात महिने झाले. रोज किती कोडी मिळतात वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत नाही. लिहायला बसलो ते परवा १३१ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता कोडं सोडवल्याची साखळी, तुटली म्हणून. तोडली कोणी? 'प्राचीन ग्रीक शहर, अक्षरं ४' या क्लूने.

पहिली दोन अक्षरं ई आणि एल. पुढे आय-एस टाकलं तर एलिस, ई-ए टाकलं तर एलिया. ती अक्षरं ज्या उभ्या शब्दांत होती त्यांतला एक अमेरिकी बेसबॉलपटू, दुसरी तिकडच्या कुठल्याशा मालिकेतली मावशी. आपल्याला काय ठाऊक! ऑलिम्पिक भरवायचं काम एलिसकडे असे, खेळाडू महिनाभर आधी तिथे सरावाला जात, एवढं वाचलेलं. एलिस ठोकलं. चूक. उत्तर एलिया.

अहो, पण एलिया इटलीत आहे, नेपल्सच्या खाली! तक्रार टाकली. तीन दिवसांनी उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' मोल १,४९९, आधीच घेतलंय.

डोकं थंड झाल्यावर नीट वाचलं, तर खोट माझीच. एलिया ग्रीकांनीच वसवलेलं. अकिलीस आणि कासवाच्या शर्यतीचं कोडं घालणारा तत्त्वज्ञ झेनो तिथलाच. शिवाय इफेसस, मायलीटस ही प्राचीन ग्रीक शहरंही आज तुर्कस्तानात आहेत, ती मी आधी मुकाट्याने भरली होती. पण मग 'झेनोचं गाव' लिहायला काय पैसे पडत होते?

ही शहरं सारखी का येतात, तेही आता कळलं. अमेरिकी जाळीत जवळजवळ प्रत्येक अक्षर आडव्यातही लागतं आणि उभ्यातही, म्हणून स्वरांनी भरलेले छोटे शब्द सोन्याच्या भावाने खपतात. सहा अक्षरांत तर कहरच: अथेन्स, स्पार्टा, थीब्ज, डेल्फी, इंग्रजी स्पेलिंगात चारही सहाच. पेनाने भरणारा मेला. आपल्या पेपरातल्या कोड्यात स्पार्टाला दोन घरं, अथेन्सला तीन. भांडण तिथेच मिटतं. आणि तो पेपर पाच रुपयांत येतो, रद्दीचे पैसे वेगळे.

दोन स्टार. पाच महिने शिल्लक आहेत, पैसे भरलेत, तेव्हा सोडवणार. फक्त ती मावशी कोण, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.