हाफ की फुल? माझा कौल सोमवारच्या नाडीवर

पाऊस ओसरला की बेळगावातल्या आमच्या पन्नाशीकडे झुकलेल्या पळणाऱ्यांत हाच विषय : यंदा मॅरेथॉन हाफ (२१ किलोमीटर) की फुल (४२ किलोमीटर)? मी फुल दोनदा पळलोय, हाफ मोजायचं सोडून दिलंय.

हृदयाला जो फायदा व्हायचा तो दोन्हींत होतो. वर्षानुवर्षं पळणाऱ्याचं हृदय ऐसपैस होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी नाडी संथ चालते. माझी ७२ वरून ५४ वर आली ती हाफच्याच सरावावर. फुलनं त्यात काही भर घातल्याचं मला तरी जाणवलं नाही.

फुलच्या सरावाला आम्ही तिसऱ्या रेल्वे गेटापासून पिरनवाडी, तिथून जांबोटी रस्ता धरायचो. जाताना जो वेग १४० ठोक्यांत निघायचा, त्यालाच येताना १६० लागायचे. घामानं रक्तातलं पाणी घटतं, अंग तापतं, दर ठोक्याला कमी रक्त निघतं, मग हृदय ठोके वाढवतं. हाफलाही हे होतंच, पण ऊन चढायच्या आत आपण चहाला बसलेलो असतो.

मला वैताग आणला तो सोमवारनं. रविवारी ३२ किलोमीटर झाले की रात्री डाव्या कुशीवर झोपायची सोय नाही, उशीत ठोके ऐकू यायचे. पहाटे अंथरुणातच मनगट धरावं तर ६६. मंगळवारी ६२. बुधवारी कुठं गाडी रुळावर, तोवर पुढच्या रविवारचं टेन्शन. ईसीजी काढला, तो स्वच्छ. पण तीन महिने सगळे सोमवार असेच गेले.

लांब शर्यतीनंतर हृदयाचा उजवा कप्पा थोडा मंदावतो, बहुतेकांचा आठवड्याभरात पूर्ववत होतो. तेव्हा फुल घातक, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत २००० ते २०१० मधल्या शर्यतींचा हिशेब मांडला गेला, त्यात हृदय बंद पडण्याचं प्रमाण फुलमध्ये लाखामागे एक, हाफमध्ये पावणेचार लाखांमागे एक निघालं. दोन्ही किरकोळच, तरी मी आपला दुसऱ्या रांगेत.

तिशीत असाल, झोप पुरत असेल, तर एकदा फुल पळून बघा. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना गाठा, मग नाव द्या. मी यंदाही हाफलाच दिलंय.