डेबियनची डब्ल्यूएनपीपी यादी: जुन्या पॅकेजला नवा मेंटेनर मिळवून देते का?

डेबियन या लिनक्स-आधारित ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून येतं आणि ते सांभाळणारा स्वयंसेवक म्हणजे मेंटेनर. त्या मेंटेनरची नोकरी बदलते, उत्साह ओसरतो किंवा ते सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्याच वापरातून जातं. पॅकेज मात्र असंख्य यंत्रांवर चालूच राहतं आणि त्यातल्या बगना उत्तर द्यायला कोणी उरत नाही. डेबियनने यासाठी केलेली सोय म्हणजे ‘वर्क-नीडिंग अँड प्रॉस्पेक्टिव्ह पॅकेजेस’, म्हणजेच डब्ल्यूएनपीपी. त्यासाठी वेगळं खातं किंवा नोंदणी लागत नाही. डेबियनच्या बग-यंत्रणेत या नावाचं एक नाममात्र पॅकेज आहे, आणि प्रत्येक मागणी म्हणजे त्यावर नोंदवलेला एक बग. बग नोंदवण्याच्या ‘रिपोर्टबग’ या साधनाला हे नाव दिलं की पुढचे प्रश्न तोच विचारतो.

या सोयीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे थकव्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘आरएफएच’ (रिक्वेस्ट फॉर हेल्प) म्हणजे मी आहे, पण मदत हवी. ‘आरएफए’ (रिक्वेस्ट फॉर अ‍ॅडॉप्शन) म्हणजे कोणी घेणार असेल तर देतो, तोवर सांभाळतो. ‘ओ’ (ऑर्फन्ड, म्हणजे बेवारस) म्हणजे सोडलं. अनेक जण पहिल्या दोन पायऱ्या टाळून थेट ‘ओ’ लावतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. ‘आरएफए’च्या काळात जुना माणूस प्रश्न विचारायला हाताशी असतो. ‘ओ’ लागल्यावर मेंटेनरच्या जागी डेबियन क्यूए (गुणवत्ता) ग्रुपचं नाव येतं. हा गट निकडीची डागडुजी करतो, पण प्रत्येक पॅकेजचा इतिहास त्याला ठाऊक असेल ही अपेक्षाच चुकीची.

हा इतिहास कुठे दडलेला असतो, ते पाहायचं तर सोर्सच्या ‘डेबियन’ फोल्डरमधलं ‘पॅचेस’ उघडा. जुन्या पॅकेजात तिथे दहा-बारा पॅच (मूळ कोडवर डेबियनने लावलेले बदल) पडलेले असतात आणि निम्म्यांवर एका ओळीचंही वर्णन नसतं. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की पॅच बसत नाही, आणि तो काढावा की नव्याने लिहावा हे नव्या माणसाला कळायला मार्ग नसतो. म्हणून ‘आरएफए’ टाकण्याआधी प्रत्येक पॅचच्या डोक्यावर वर्णन, संबंधित बगचा क्रमांक आणि ‘फॉरवर्डेड’ ही ओळ भरा. पॅच मूळ लेखकांकडे पाठवला होता की नाही, हे त्या ओळीवरून कळतं. गिट रिपॉझिटरी (कोडच्या बदलांचा इतिहास) साल्सा या डेबियनच्या गिट-सर्व्हरवर ठेवा. बगच्या मजकुरात भाषा, उघडे बग, कोणती पॅकेजेस यावर अवलंबून आहेत आणि मूळ प्रकल्प जिवंत आहे का, एवढं तरी लिहा. नुसत्या ‘वेळ नाही’ या दोन शब्दांवर कोणी पुढे येत नाही.

घेणाऱ्यासाठी सोय चांगली आहे. ‘डेवस्क्रिप्ट्स’ या साधनसंचातला ‘डब्ल्यूएनपीपी-अलर्ट’ चालवला की तुमच्याच यंत्रावरची बेवारस पॅकेजेस दिसतात. ‘हाऊ-कॅन-आय-हेल्प’ बसवलं तर पॅकेजेस बसवणाऱ्या एप्टचं काम संपल्यावर तशीच यादी येते. स्वतः वापरत असलेलं पॅकेज घेणं केव्हाही बरं, कारण बिघाड आधी तुम्हालाच कळतो. घ्यायचं ठरलं की बग-यंत्रणेच्या कंट्रोल पत्त्यावर ईमेल पाठवून बगचं शीर्षक ‘आयटीए’ (इंटेंट टू अ‍ॅडॉप्ट) करा आणि ‘ओनर’ म्हणून स्वतःला लावा. हे राहिलं तर दोघं जण एकाच कामाला लागतात. मग पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये मेंटेनर बदला आणि चेंजलॉगमध्ये तो बग बंद करणारी ओळ लिहा.

खरी अडचण यापुढे येते. डेबियन डेव्हलपर नसलेल्याला अपलोडचा सरसकट हक्क नाही; ‘डेबियन मेंटेनर’ हा दर्जा असलेल्यांनाही फक्त परवानगी मिळालेली पॅकेजेस चढवता येतात. बाकीच्यांसाठी वाट वेगळी. पॅकेज मेंटॉर्स या संकेतस्थळावर चढवून ‘आरएफएस’ (रिक्वेस्ट फॉर स्पॉन्सरशिप) टाकायचं आणि आपल्या वतीने अपलोड करणाऱ्या प्रायोजकाची वाट पाहायची. हीच या यंत्रणेतली सर्वांत दुखरी जागा. ‘आयटीए’ लागलेले बग इथेच महिनोन्‌महिने अडकतात आणि शेवटी पुन्हा ‘ओ’ होतात. यावर उपाय म्हणजे आधी त्या भाषेच्या गटात जाणं. पर्लचं पॅकेज असेल तर पर्ल ग्रुप, पायथनचं असेल तर पायथन टीम. अनोळखी प्रायोजकापेक्षा गटातला माणूस लवकर वेळ काढतो.

मेंटेनर ‘ओ’ही लावत नाही आणि उत्तरही देत नाही, अशा वेळी ‘आयटीएस’ (इंटेंट टू सॅल्व्हेज) वापरता येतं. दुर्लक्षाची ठोस चिन्हं दाखवून पॅकेजवरच बग नोंदवायचा, किमान 21 दिवस थांबायचं, मग किमान 7 दिवसांच्या विलंबाने अपलोड करायचं. मेंटेनरने हरकत घेतली की थांबायचं. नियम नेमका आहे आणि दोन्ही बाजूंना न्याय देतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. ही यादी पॅकेजचा मेंटेनर शोधते, मूळ सॉफ्टवेअरचा नाही. मूळ प्रकल्पच थंडावला असेल तर दोन्ही भार तुमच्यावर येतात. पॅकेज पायथन 2 वर अडकलं असेल तर डेबियन 12 मध्ये पायथन 2 नाहीच, म्हणजे आधी पायथन 3 कडे पूर्ण स्थलांतर. ते झेपणार नसेल तर पॅकेज काढून टाकण्याची विनंती करणं जास्त प्रामाणिक. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये प्रकल्पावर लक्ष ठेवायला तीन सक्रिय सदस्यही उरले नाहीत, तर तो ‘अ‍ॅटिक’मध्ये, म्हणजे निवृत्त प्रकल्पांच्या जागी, हलवला जातो. हा निकष डेबियनमध्येही विचारात घेण्यासारखा आहे.

या सोपवण्याच्या संथपणाबद्दल तक्रार करताना एक्सझेड या फाइल-संकोचन सॉफ्टवेअरचं प्रकरण विसरू नये. मूळ प्रकल्पात ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याने विश्वास मिळवत मेंटेनरपद घेतलं, आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार (बॅकडोअर, म्हणजे गुपचूप घुसण्याची वाट) आलं. एसएसएच (दूरच्या यंत्रावरचं सुरक्षित) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, हे डेबियनच्या अस्थिर शाखेवर तपासताना प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना ते सापडलं. त्या कारस्थानाची कळीची फाइल गिटमध्ये नव्हती, फक्त टारबॉलमध्ये (आवृत्तीच्या वाटल्या जाणाऱ्या संग्रहफाइलमध्ये) होती. तेव्हा प्रत्येक नव्या आवृत्तीला टारबॉल गिटच्या टॅगशी ताडून पाहा. पॅकेज सोपवतानाही नव्या माणसाकडून आधी पॅच घ्या, मग ‘अपलोडर्स’ या सहमेंटेनरांच्या यादीत नाव घाला, सगळ्यात शेवटी मेंटेनर करा.

मराठी वाचकांना सुरुवात करायची तर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ किंवा ‘अ‍ॅस्पेल-एमआर’ (मराठी फॉन्ट आणि शब्दतपासनीसाचा शब्दकोश) यांसारखी पॅकेजेस डेबियन ट्रॅकर या संकेतस्थळावर उघडून पाहावीत आणि तिथल्या गटाला पॅच पाठवावेत. इथे सी ही प्रोग्रामिंगची भाषा येण्यापेक्षा मराठी येणं जास्त उपयोगाचं. उदाहरणार्थ ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह) देऊन. दोन्ही रूपं फॉन्टमध्ये सारखी दिसतात का, आणि शब्दतपासनीस त्यातलं एक रूप चुकीचं ठरवतो का, हे मराठी लिहिणाराच चटकन ओळखू शकतो.